अश्रूंवर तरंगणारे भिंग

चष्मा ही आपल्या घरांतून आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. पूर्वी तो आजोबांच्या पोथीजवळ दिसे. आज तो चौथी-पाचवीतल्या मुलांच्या दप्तरातही असतो. मात्र मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात जाऊ लागली की चष्म्याऐवजी दुसरा काही उपाय नाही का, असा प्रश्न घरात निघतो. खेळताना चष्मा पडतो, पावसात त्याच्या काचा धुरकट होतात. शिवाय मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली की चष्म्याचा विषय अजूनही अनेक घरांत हलक्या आवाजात निघतो. मग कॉन्टॅक्ट लेन्स, म्हणजे ज्याला मराठीत स्पर्शभिंग असे सुंदर नाव आहे, ते घरात येते.

रायपूर शहरातील चौबे कॉलोनी हे अशा घरांचे एक उदाहरण म्हणून घेता येईल. महाराष्ट्र मंडळाची वास्तू याच वसाहतीत आहे. छत्तीसगडशी मराठी माणसांचे नाते नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनचे. त्यामुळे गणेशोत्सवात वा एखाद्या नाटकाच्या प्रयोगाला येथे जमणाऱ्या मंडळींत तीन तीन पिढ्या एकत्र दिसतात. मोठी रहदारी असलेला जी. ई. रोड जवळच आहे. उन्हाळ्यात येथील हवा इतकी तापते की पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. अशा हवेत राहणाऱ्या एखाद्या घरात पुढील संवाद कानी पडणे अगदी स्वाभाविक आहे. "आई, सकाळी काही वाटत नाही गं, पण संध्याकाळ झाली की ही भिंगे कधी एकदा काढीन असे होते," असे लेक म्हणते. त्यावर आजी म्हणते, "मग चष्मा काय वाईट होता?"

लेकीची तक्रार खरी आहे आणि आजींचा प्रश्नही अगदीच चुकीचा नाही. भिंग तेच, डोळा तोच. मग सकाळी सुखावह वाटणारी वस्तू संध्याकाळी का खुपू लागते? याचे उत्तर भिंगाइतकेच अश्रूंमध्ये आहे. स्पर्शभिंग डोळ्यावर बसते असे आपण म्हणतो. वस्तुतः ते बसते अश्रूंवर. डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा जो अतिशय पातळ पडदा पसरलेला असतो, त्यावर ते तरंगत राहते. हा पडदा सुस्थितीत असेल तोवर भिंगाची जाणीवही होत नाही; तो विस्कटला की उत्तमातले उत्तम भिंगही नकोसे होते. म्हणून स्पर्शभिंग वापरणाऱ्याने, आणि त्याच्या घरच्यांनीही, अश्रूंची थोडी ओळख करून घेणे हिताचे आहे.

अश्रू म्हणजे नुसते खारे पाणी नव्हे

अश्रू म्हटले की आपल्याला रडणे आठवते. परंतु दुःखाने किंवा आनंदाने येणारे अश्रू हा त्यांचा एक प्रकार झाला. धूर गेला, कांदा चिरला किंवा कण गेला म्हणजे जे पाणी वाहते तो दुसरा प्रकार. तिसरे अश्रू मात्र कोणाला दिसत नाहीत. ते जागेपणी अखंड पाझरत असतात आणि डोळा ओला ठेवण्याचे काम करतात. एका डोळ्यात एका वेळी असणाऱ्या या अश्रूंचे प्रमाण मिलिलिटरच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी असते. एवढ्याशा द्रवावर आपल्या दृष्टीची निर्मलता अवलंबून आहे.

या अश्रुपटलाची रचना मोठी नामी आहे. डोळ्याच्या पृष्ठभागाला लागून चिकट स्रावाचा थर असतो. त्याच्यामुळे पाणी डोळ्यावर सारखे पसरते, थेंबाथेंबांनी ओघळून जात नाही. त्यावर पाण्याचा भाग असतो; तो मुख्यत्वे अश्रुग्रंथींतून येतो आणि त्यात क्षार व प्रथिने असतात. सर्वांत वर तेलाचा एक अतिसूक्ष्म थर असतो. दूध तापवून ठेवले की वर साय धरते आणि खालचे दूध झाकले जाते, तसे काहीसे हे तेल पाण्याला झाकते व त्याची वाफ होऊ देत नाही. हे तेल तयार करणाऱ्या ग्रंथी पापण्यांच्या आत, पापणीच्या कडेला उभ्या रांगेत असतात. जर्मन वैद्य हाइनरिश माइबोम यांनी १६६६ साली त्यांचे वर्णन केले आणि त्यांचेच नाव या ग्रंथींना मिळाले.

पापणीची प्रत्येक उघडझाप म्हणजे हे अश्रुपटल नव्याने सारवण्याची क्रिया होय. साधारणपणे मिनिटाला सुमारे पंधरा वेळा आपण नकळत पापणी मिटतो. प्रत्येक वेळी जुने अश्रू नाकाकडील कोपऱ्यातल्या छिद्रांतून वाहून जातात, तेल पिळले जाते आणि नवा पडदा पसरतो.

अश्रू जंतूंशीही लढतात. पेनिसिलिनच्या शोधासाठी प्रसिद्ध झालेले अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी त्याच्या काही वर्षे आधी, १९२२ साली, लायसोझाइम नावाच्या जंतुनाशक द्रव्याचा शोध प्रसिद्ध केला होता. हे द्रव्य अश्रूंत विपुल असते. प्रयोगासाठी अश्रू हवेत म्हणून फ्लेमिंग आपल्या सहकाऱ्यांच्या व विद्यार्थ्यांच्या डोळ्यांत लिंबाचा रस पिळून पाणी काढीत असत! विज्ञानासाठी अश्रू ढाळण्याची ही तऱ्हा निराळीच म्हणावी लागेल.

आता आणखी एक गोष्ट. बुबुळासमोर जो पारदर्शक पडदा असतो, त्याला पारपटल म्हणतात. नेत्रदानात एकाचा काढून दुसऱ्याला बसवितात तो हाच. तो पारदर्शक राहावा म्हणून निसर्गाने त्यात रक्तवाहिन्या ठेवलेल्या नाहीत. मग त्याला प्राणवायू कोठून मिळणार? जागेपणी तो मुख्यतः बाहेरच्या हवेतून मिळतो. हवेतील प्राणवायू अश्रूंत विरघळतो आणि त्यांतून पारपटलाला पोचतो. म्हणजे अश्रू हे पारपटलाचे वंगण आहेत, रक्षक आहेत आणि श्वासही आहेत.

पाहुणा आल्यावर

अशा या नाजूक व्यवस्थेत स्पर्शभिंग पाहुणा म्हणून येते. अश्रुपटलाची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. ती अशा केवळ तीन ते पाच भागांएवढी असते. मऊ स्पर्शभिंग आपल्याला कितीही तलम वाटले, तरी त्याचा मध्यभाग सामान्यतः सत्तर-ऐंशी भागांइतका किंवा त्याहूनही जाड असतो. म्हणजे यजमानापेक्षा पाहुणा वीसपट मोठा! त्याला सामावून घेताना घराची घडी बदलणारच.

पहिला बदल असा की, अश्रुपटलाचे दोन भाग होतात. एक भिंगाच्या वर आणि एक भिंगाखाली. भिंगावरचा भाग मूळच्या पडद्यापेक्षा पातळ असतो. त्याच्यावरील तेलाची साय नीट धरत नाही. त्यामुळे पाण्याची वाफ अधिक वेगाने होते. निरोगी डोळ्यावर, पापणी न मिटता, अश्रुपटल साधारण दहा सेकंद वा अधिक काळ अखंड राहते. भिंगावरचे पटल त्याहून लवकर फाटते. ते फाटले की दृष्टी क्षणभर धूसर होते, पापणी मिटताच पुन्हा स्वच्छ होते. भिंग वापरणाऱ्यांना हा अनुभव परिचयाचा असेल.

दुसरा बदल भिंगाखाली होतो. तेथील अश्रू कोंडले जातात. कडक भिंग आकाराने लहान असते व पापणीबरोबर हलते; त्यामुळे दर उघडझापीला त्याच्याखाली बराचसा नवा द्रव येतो. मऊ भिंग मोठे असते, ते डोळ्याला लपेटून बसते आणि त्याच्याखाली अगदी अल्प द्रवाची अदलाबदल होते. मऊ भिंग पहिल्या दिवसापासून सुखाचे वाटते खरे; पण पारपटलावरून सुटणाऱ्या मृत पेशी व इतर मळ त्याच्याखाली अधिक काळ रेंगाळतो.

तिसरा बदल पापणीला सोसावा लागतो. वरच्या पापणीच्या आतल्या कडेचा एक अरुंद पट्टा उघडझापीच्या वेळी डोळ्यावरून पुसणीसारखा फिरतो. भिंग ओले असेल तर तो घसरून जातो. भिंगाचा पृष्ठभाग सुकला असेल तर घासतो. दिवसभरात हे हजारो वेळा घडते. अमेरिकेतील डोनाल्ड कॉर्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवून दिले की, भिंगामुळे कोरडेपणाची तक्रार करणाऱ्या पुष्कळांच्या पापणीच्या नेमक्या या पट्ट्यावर घर्षणाच्या खुणा आढळतात. सकाळी सुखावह असणारे भिंग संध्याकाळी का खुपते, याचे एक उत्तर येथे सापडते.

चौथी गोष्ट मोठी विलक्षण आहे. डोळ्याचे रक्षण करणारे ते लायसोझाइम आणि अश्रूंतील तेलही भिंगावर हळूहळू चिकटत जाते. त्याचा पुटासारखा थर बसला की भिंग नीट भिजत नाही, पापणीला ते खरखरीत लागते आणि काहींना त्याची ॲलर्जीही होते. भिंग ठरावीक मुदतीनंतर टाकून द्यावे असे सांगतात, त्याचे एक महत्त्वाचे कारण हेच. फाटलेले नाही म्हणून महिन्याचे भिंग तीन महिने चालविणे ही काटकसर नव्हे.

पापण्यांतील तेलग्रंथींवरही परिणाम होत असावा असे दिसते. जपानमधील रेइको अरिता आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वर्षानुवर्षे भिंगे वापरणाऱ्यांमध्ये या ग्रंथींची हानी अधिक आढळली. म्हणूनच भिंग वापरणाऱ्याने पापण्यांच्या स्वच्छतेकडे दुर्लक्ष करू नये.

काचेपासून मऊ भिंगापर्यंत

स्पर्शभिंगाचा इतिहास म्हणजे अश्रूंशी आणि प्राणवायूशी जुळवून घेण्याचाच इतिहास होय. झुरिक येथील नेत्रवैद्य अडोल्फ ऑयगेन फिक यांनी १८८८ साली काचेच्या स्पर्शभिंगांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांनी ती आधी सशांवर, मग स्वतःवर आणि नंतर काही रुग्णांवर वापरून पाहिली. ही भिंगे डोळ्याचा पांढरा भागही झाकीत. जड असत आणि थोड्याच तासांत असह्य होत. त्यांच्याखाली ना ताजे अश्रू जात, ना हवा. १९४८ साली अमेरिकेतील केव्हिन टूही यांनी केवळ पारपटलापुरते लहान प्लॅस्टिकचे भिंग तयार केले. ते अश्रूंवर हलू शके, आणि म्हणून अधिक काळ वापरता येई.

खरी क्रांती झाली ती प्रागमधील एका घरातल्या स्वयंपाकाच्या टेबलावर. चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तरले आणि त्यांचे सहकारी द्राहोस्लाव लीम यांनी पाणी शोषून मऊ होणारे एक नवे प्लॅस्टिक शोधले होते आणि १९६० साली त्याची माहिती प्रसिद्ध केली होती. त्याचे भिंग करावयाचे कसे, हा प्रश्न होता. १९६१ च्या नाताळात विख्तरले यांनी मुलांच्या खेळण्यातील धातूच्या पट्ट्या व चाके जोडून, सायकलच्या डायनॅमोच्या साहाय्याने एक यंत्र बनविले. फिरत्या साच्यात द्रव ओतून त्यांनी मऊ भिंगे तयार केली. पुढील काही महिन्यांत त्यांनी व त्यांच्या पत्नीने घरच्या घरी हजारो भिंगे केली. अमेरिकेत १९७१ साली मऊ भिंगाला सरकारी मान्यता मिळाली आणि ते जगभर पोचले.

त्या पहिल्या मऊ भिंगात सुमारे ३८ टक्के पाणी होते. प्राणवायू या पाण्यातूनच पारपटलाला पोचत असल्याने तो बेताचाच मिळे. त्यावर उपाय म्हणून सिलिकॉन मिसळलेली मऊ भिंगे १९९९ च्या सुमारास बाजारात आली. त्यांतून प्राणवायू कितीतरी अधिक जातो. त्याआधीच, १९९० च्या दशकाच्या मध्यास, एक दिवस वापरून टाकून देण्याची भिंगेही मिळू लागली होती. त्यांच्यावर पुटे चढावयास वेळच मिळत नाही आणि ती धुऊन ठेवण्याचा प्रश्नही उरत नाही.

येथे एका सामान्य गैरसमजाचा उल्लेख करावयास हवा. जास्त पाणी धरणारे भिंग घेतले म्हणजे डोळा जास्त ओला राहील असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात पुष्कळदा उलट घडते. भिंगाच्या पृष्ठभागावरील पाणी हवेत उडून जाते, तेव्हा ती तूट कोठून तरी भरून निघावी लागते. मूळचेच थोडे असलेले अश्रू मग भिंगाच्या वाट्याला जातात. कोरड्या डोळ्याच्या माणसाला म्हणूनच कमी पाण्याचे, परंतु भिजलेला पृष्ठभाग टिकवून धरणारे भिंग अधिक मानवू शकते. मैत्रिणीला जे भिंग मानवले ते आपल्याला मानवेलच असे नाही.

वैशाखाची लू, कूलरचा झोत आणि हातातला पडदा

भिंग चांगले निवडले तरी भोवतालची हवा आपला प्रभाव दाखवितेच. रायपूर असो, नागपूर असो वा चंद्रपूर, वैशाखातल्या कोरड्या लूमध्ये अश्रूंची वाफ झपाट्याने होते. खिडकीतला कूलर हवेत ओलावा आणतो हे खरे. परंतु त्याच्या झोतासमोर तोंड करून बसले तर तो लाभ वाया जातो, कारण वारा अश्रुपटल सुकवितो. वातानुकूलित खोलीत तर हवाच कोरडी असते. स्कूटरवरून जाताना लागणारा वारा व धूळ यांचाही हाच परिणाम होतो. धुळीचा कण भिंगाखाली गेला तर डोळा चोळू नये. त्याने पारपटलावर ओरखडा उठतो. हात स्वच्छ धुऊन भिंग काढावे, द्रावणाने धुवावे आणि डोळ्याची लाली वा टोचणी पूर्ण गेल्यावाचून ते पुन्हा घालू नये.

याहूनही नकळत होणारी हानी पडद्याची आहे. संगणक किंवा मोबाइल पाहताना आपण पापणी मिटावयास विसरतो. उघडझापीची संख्या निम्म्याहूनही खाली येऊ शकते, आणि जी होते तीही अर्धवट. पापणी पुरती मिटत नाही, तेल पिळले जात नाही, भिंगाचा खालचा भाग उघडाच राहून सुकतो. परीक्षेच्या दिवसांत रात्री बारापर्यंत पडद्यावर अभ्यास करणाऱ्या मुलामुलींची भिंगे टोचू लागतात त्यात नवल नाही. यावर सोपा उपाय असा की, दर वीस मिनिटांनी मान वर करून खिडकीबाहेर दूर पाहावे आणि दहा-बारा वेळा पापण्या सावकाश, पुरत्या मिटाव्यात. पडदा डोळ्यांच्या पातळीहून थोडा खाली ठेवावा. म्हणजे पापणी कमी उघडी राहते आणि अश्रू कमी सुकतात.

डोळ्यांतून पाणी वाहत असेल तर डोळा कोरडा नाही असेही समजू नये. पृष्ठभाग सुकून टोचू लागला की मेंदू अश्रुग्रंथींना इशारा देतो आणि पाण्याचा लोंढा येतो. परंतु त्यात तेलाचे व चिकट स्रावाचे प्रमाण योग्य नसल्यामुळे ते पाणी टिकत नाही. गालावर ओघळून जाते. ओघळणारा डोळा कोरडा असू शकतो, तो असा.

गृहिणींच्या माहितीची एक गंमतही सांगण्याजोगी आहे. भिंगे घातलेल्यांना कांदा चिरताना पुष्कळदा डोळ्यांतून कमी पाणी येते, कारण कांद्यातून निघणारे झोंबणारे द्रव्य पारपटलापर्यंत सहजी पोचत नाही. मात्र चुलीच्या धगीशी किंवा फोडणीच्या धुराशी अधिक वेळ काम करताना भिंगापेक्षा चष्मा बरा.

जे कदापि करू नये

आतापर्यंत खुपण्याचा विचार केला. खुपणे हे त्रासाचे असले तरी त्याने सहसा दृष्टी जात नाही. दृष्टी जाते ती जंतुसंसर्गाने, आणि तो टाळणे बहुतांशी आपल्या हाती असते.

भिंगे घालून झोपू नये. पापण्या मिटल्यावर बाहेरची हवा बंद होते, अश्रूंचा प्रवाह मंदावतो आणि भिंगाखाली जंतूंना निवांतपणा मिळतो. रात्री भिंग डोळ्यात ठेवणाऱ्यांना पारपटलावर व्रण होण्याचा धोका दिवसापुरते वापरणाऱ्यांहून अनेक पटींनी अधिक असतो, हे अमेरिकेतील १९८९ सालच्या अभ्यासांपासून सुस्थापित झाले आहे. दुपारची वामकुक्षीही याला अपवाद नाही.

भिंगाला पाणी लावू नये. मग ते नळाचे असो, विहिरीचे असो, माठातले असो वा उकळलेले. पाण्यात अकांथामीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो भिंगाबरोबर डोळ्यात गेला तर पारपटलाला अतिशय वेदनादायक रोग होतो आणि त्याचा उपचार महिनोगणती चालतो. म्हणून भिंगाची डबीही पाण्याने धुऊ नये. ती ताज्या द्रावणाने विसळावी, पुसून उघडी वाळू द्यावी आणि दर तीन महिन्यांनी बदलावी. कालच्या द्रावणात आज नवे ओतू नये. हात साबणाने धुतल्यावर कोरडे पुसावेत. नदीत वा तलावात डुबकी मारण्यापूर्वी, पोहण्यापूर्वी आणि अंघोळीपूर्वी भिंगे काढून ठेवावीत. रंगपंचमीला किंवा होळीच्या रंगात तर भिंगे घरीच राहू द्यावीत. मऊ भिंग रंग शोषून घेते व तो डोळ्याला लागून राहतो.

काजळ आपल्याकडे बाळपणापासूनचे. परंतु पापणीच्या आतल्या कडेला लावलेले काजळ तेलग्रंथींची तोंडे बुजविते आणि भिंगावर डाग पाडते. लावावयाचेच असेल तर भिंग आधी घालून, पापणीच्या बाहेरच्या बाजूस लावावे. गुलाबपाणी, मध, तूप असले घरगुती उपाय भिंग असलेल्या डोळ्यात करू नयेत. ओलाव्याचे थेंबही भिंगासोबत चालतील असेच घ्यावेत. काही थेंबांतील टिकाऊपणाचे द्रव्य मऊ भिंगात साठून राहते व डोळ्याला बाधते.

लग्नसमारंभासाठी रंगीत भिंगे विकत घेण्याची, एकीची दुसरीने घालून पाहण्याची हौस हल्ली दिसते. नंबर नसला तरी ते भिंगच होय. त्याचा आकार प्रत्येक डोळ्याला तपासूनच ठरवावा लागतो. दुसऱ्याचे भिंग घालणे म्हणजे त्याच्या डोळ्यातील जंतू आपल्या डोळ्यात घेणे.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसू लागले, तर भिंग त्याच क्षणी काढावे आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. भिंग व डबी टाकून न देता सोबत न्यावी. कोणता जंतू आहे हे शोधण्यास त्यांचा उपयोग होतो. आणि दुखत नाही म्हणून सारे ठीक आहे असे मानू नये. दीर्घ काळ भिंगे वापरणाऱ्यांच्या पारपटलाची संवेदना काहीशी बोथट होऊ शकते. त्यामुळे तक्रार नसतानाही वर्षातून एकदा तपासणी हवी.

भिंग घेण्यापूर्वी

भिंग घेण्यापूर्वी अश्रूंची तपासणी करून घेणे उत्तम. ती सोपी असते व तीत वेदना नसते. जर्मन वैद्य ओटो शिर्मर यांनी १९०३ साली सुचविलेल्या पद्धतीत टिपकागदाची एक बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवितात आणि पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजते ते पाहतात. दुसऱ्या पद्धतीत डोळ्यात पिवळा रंग घालून अश्रुपटल किती सेकंदांत फाटते ते मोजतात. मधुमेह, थायरॉइडचे विकार किंवा संधिवात असेल, मुरुमांसाठी वा सर्दी-ॲलर्जीसाठी औषधे चालू असतील, तर ते सांगावे. या सर्वांनी अश्रू कमी होऊ शकतात. चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रियांनाही हा बदल जाणवतो. पूर्वी मानवणारी भिंगे मग नकोशी वाटू लागतात. त्यात भिंगाचा किंवा त्यांचा स्वतःचा दोष नसतो. अश्रूंची घडण बदललेली असते. अशा वेळी वापराचे तास कमी करणे, रोज बदलण्याची भिंगे घेणे, कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने मिटलेल्या पापण्या पाच-दहा मिनिटे शेकणे, यांनी बराच आराम पडतो. अर्थात शेकताना भिंगे काढलेली असावीत.

स्पर्शभिंग अश्रूंना त्रास देते एवढेच लिहून थांबलो तर चित्र अपुरे राहील. काही रोगांत तेच भिंग अश्रूंचे रक्षण करते. फिक यांच्या काचेच्या भिंगासारखी, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी भिंगे आता प्राणवायू जाऊ देणाऱ्या प्लॅस्टिकची बनवितात. ती पारपटलाला स्पर्श न करता त्याच्यावर घुमटासारखी उभी राहतात आणि त्या घुमटाखाली स्वच्छ क्षारद्रव भरलेला असतो. औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेने ज्यांच्या अश्रुग्रंथी व पापण्या उद्ध्वस्त झाल्या, ज्यांना दिव्याकडे पाहणेही असह्य होते, अशा रुग्णांचे पारपटल दिवसभर त्या द्रवात भिजत राहते. पारपटल शंकूसारखे पुढे आल्यामुळे चष्म्याने दिसत नाही अशा तरुणांनाही ही भिंगे दृष्टी देतात. १९८७ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेसारख्या ठिकाणी असे उपचार होतात. शंभर वर्षांपूर्वी जे भिंग डोळ्याला गुदमरवीत होते, त्याचेच सुधारलेले रूप आज कोरड्या डोळ्याला ओलावा देते.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर मग असे देता येईल. चष्मा वाईट नव्हता आणि भिंगही वाईट नाही. ज्या घरात भिंगे वापरली जातात त्या घरात अद्ययावत नंबरचा चष्माही असलाच पाहिजे. सर्दी-पडसे झाले, डोळे आले, जागरण झाले, प्रवासात हात धुण्याची सोय नसली किंवा नुसता डोळा थकल्यासारखा वाटला, तर त्या दिवशी चष्मा लावावा. संध्याकाळी घरी आल्यावर भिंगे काढावीत आणि डोळ्यांना काही तास मोकळे राहू द्यावे. मुलगी संध्याकाळी "टोचते" म्हणाली, तर आईने तिला सोसावयास सांगू नये. आधी भिंगे काढावयास लावावीत, आणि सकाळी डोळा निवळला नसेल तर तिच्याबरोबर नेत्रतज्ज्ञाकडे जावे.